आकाशनिरीक्षणाची नोंदवही : काय लिहायचं, कधी आणि कसं

माझ्या पहिल्या वहीत एका रात्रीची अख्खी नोंद एवढीच आहे : 'शनी बघितला. कडी दिसली. भन्नाट!' तारीख आहे, साल नाही. दुर्बीण कोणती, वर्धन किती, कडी किती उघडलेली होती, शेजारी एखादा उपग्रह होता का, यातलं काही म्हणजे काही नाही. शनीची कडी दर चौदा-पंधरा वर्षांनी पृथ्वीच्या अगदी रेषेत येऊन दिसेनाशी होतात आणि मधल्या काळात रुंदावत जाऊन पुन्हा मिटतात. त्या रात्री कड्यांचा नुसता ओबडधोबड आकार जरी काढून ठेवला असता, तरी त्यावरून ते साल आज अंदाजाने काढता आलं असतं. 'भन्नाट'वरून काय काढणार?

तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. त्या रात्री तिथे हजर नसलेल्या माणसाला ही नोंद पुरेल का? तो माणूस बहुतेक वेळा आपणच असतो, दहा वर्षांनंतरचे.

अर्थ कळायची वाट पाहू नका

पुष्कळ जण 'महत्त्वाचं काही दिसलं की लिहू' म्हणून वही कोरी ठेवतात. महत्त्वाचं काय ते त्या क्षणी कळत नसतं, ही त्यातली अडचण. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओला गुरूजवळ तीन छोटे तारे एका रेषेत दिसले. ते त्याला साधे स्थिर तारेच वाटले, पण त्याने त्यांच्या जागा टिपल्या. दुसऱ्या रात्री जागा बदललेल्या होत्या, १३ तारखेला चौथा दिसला. ते गुरूभोवती फिरतात हे त्याला कळलं ते या रोजच्या टिपणांमुळेच.

त्याच्याच वहीतली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. डिसेंबर १६१२मध्ये गुरूचं निरीक्षण करताना त्याने जवळचा एक तारा नोंदवला, आणि २८ जानेवारी १६१३ला असंही लिहिलं की शेजारच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर आदल्या रात्रीपेक्षा जास्त वाटतंय. त्यातला एक नेपच्यून होता! नेपच्यूनचा शोध लागला १८४६मध्ये, आणि गॅलिलिओच्या वहीतला तो 'तारा' ओळखला गेला १९८०मध्ये. न कळलेली गोष्ट त्याने गाळली नाही, एवढ्यावर ते जमलं.

वही आणि उजेड

यावर फार वेळ घालवू नका. शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. पानांना आधीच क्रमांक घाला. पेन्सिल वापरा, कारण दवाने शाई फुटते आणि थंडीत बॉलपेन रुसतं. चुकलं तर खोडू नका, एक आडवी रेघ मारून पुढे लिहा. रेघेखालचा मजकूर वाचता आला पाहिजे, कारण कधीकधी पहिलं लिहिलेलंच बरोबर निघतं.

उजेड मात्र काळजीपूर्वक निवडा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या पडद्याकडे टाकलेली एक नजर ती सगळी कमाई घालवते. मंद तांबडा दिवा घ्या. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना तांबड्या उजेडाची जाणीव फार कमी होते. दिवा इतका मंद हवा की अक्षरं जेमतेम दिसावीत. 'तांबडा आहे ना' म्हणून प्रखर दिवा वापरणारे लोक पाहिले आहेत, त्यात काही अर्थ नाही. लिहिणं जमतच नसेल तर आवाज ध्वनिमुद्रित करा, फक्त प्रत्येक वाक्याआधी वेळ मोठ्याने सांगा.

तारीख-वेळ : सर्वांत जास्त चुका इथेच

रात्र मध्यरात्री दुभंगते. '१३ जानेवारीची रात्र' म्हणजे तेराची पहाट की तेराची संध्याकाळ? म्हणून तारीख जोडीने लिहा : १३/१४ जानेवारी. साल विसरू नका.

त्याखाली वेळ, शक्यतो दोन प्रकारांनी : घड्याळातली स्थानिक आणि तिच्यावरून काढलेली जागतिक वेळ. खगोलातल्या नोंदी जगभर जागतिक वेळेतच जुळवल्या जातात. तुमची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असेल, तर १४ तारखेच्या पहाटेचे ३ म्हणजे जागतिक वेळेने १३ तारखेचे २१:३०. तारीखही मागे जाते, आणि नेमकी तीच बदलायची राहते. माझा नियम असा की रात्री फक्त घड्याळातली वेळ लिहायची आणि रूपांतर सकाळी चहा घेताना करायचं. झोपेत केलेली वजाबाकी विश्वासाची नसते.

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदींत ज्युलियन दिनांक दिसेल. ही दिवसांची सलग मोजणी आहे. तिचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, ग्रिनिचच्या मध्यान्ही बदलतो. १ जानेवारी २०००च्या मध्यान्ही हा आकडा २४५१५४५ होता. सुरुवातीला त्याची गरज नाही. पण दोन नोंदींमध्ये नेमके किती दिवस गेले हे काढायला त्याच्यासारखी सोय नाही, नुसती वजाबाकी करायची.

अचूकता कितपत हवी? बहुतेक कामांना मिनिट पुरतं. चंद्राआड तारा जाण्याची वेळ टिपायची असेल तर मात्र सेकंदही मोठा पडतो.

आकाश कसं होतं?

'आकाश स्वच्छ' हे दोन शब्द वहीतून हद्दपार करा. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या सुट्या लिहायला हव्यात.

पहिली, अंधार. नुसत्या डोळ्यांना दिसलेला सर्वांत अंधुक तारा कोणता, त्याची प्रत (तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा अंधुक) लिहा. ध्रुवमत्स्य पुरेसं वर असेल तर ते हाताशी असलेलं मोजमापच आहे : ध्रुवतारा आणि दुसऱ्या टोकाचा कोकाब साधारण दुसऱ्या प्रतीचे, कोकाबजवळचा फेरकाद तिसऱ्या प्रतीचा आणि मधले बारीक तारे चौथ्या-पाचव्या प्रतीचे. मधलं काहीच दिसत नसेल तर तुमची मर्यादा तीनच्या आसपास आहे. कृत्तिकेत किती तारे मोजता आले हेही लिहून ठेवण्यासारखं. जॉन बॉर्टल या निरीक्षकाने २००१मध्ये १ ते ९ अशी अंधाराची श्रेणी मांडली, १ म्हणजे सर्वांत काळं आकाश. ती जागेचं वर्णन करायला बरी आहे, पण त्या रात्रीसाठी मी ताऱ्याची प्रतच लिहितो. चंद्र वर होता का, किती मोठा होता, तेही इथेच येतं.

दुसरी, पारदर्शकता : धुकं, धूळ, विरळ ढग.

तिसरी, हवेची स्थिरता, जिला सगळे 'सीइंग' म्हणतात. तारे लुकलुकतायत का, ग्रहाची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरतेय का? पारदर्शकता आणि स्थिरता यांचं बऱ्याचदा जमत नाही. पाऊस पडून गेल्यावरची लखलखीत रात्र दीर्घिकांना उत्तम, पण त्या रात्री गुरूचे पट्टे गढूळ दिसू शकतात. उलट किंचित धुकट, निवांत रात्री ग्रह कोरल्यासारखे दिसतात. स्थिरतेला अंक देताना श्रेणीचं नाव लिहाच. अँटोनियादीच्या श्रेणीत १ सर्वोत्तम आणि ५ सर्वांत वाईट, पिकरिंगच्या श्रेणीत १० सर्वोत्तम आणि १ सर्वांत वाईट. नुसतं 'सीइंग २' लिहिलंत तर ती रात्र झकास होती की वाया गेली, हे पुढे तुम्हालाही सांगता येणार नाही.

साधन, आणि किती आकाश दिसतं ते

दुर्बिणीचा व्यास, नाभीय अंतर (मुख्य भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जिथे तयार होते तिथवरचं अंतर), कोणती नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग), हे लिहा. वर्धन म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका लावली तर ४८ पट. द्विनेत्रीवर '१०×५०' असं छापलेलंच असतं, म्हणजे वर्धन १० पट, भिंगाचा व्यास ५० मिमी. ती हातात धरली होती की तिपाईवर लावली होती तेवढं लिहा, फरक मोठा पडतो.

प्रत्येक नेत्रिकेतून आकाशाचा किती तुकडा दिसतो हे एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर ठेवा. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा मिंटाका खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. दुर्बीण स्थिर ठेवा, तो एका कडेतून आत येऊन बरोबर मध्यातून दुसऱ्या कडेला जाईल असं पाहा आणि वेळ मोजा. मिनिटांना १५ने गुणलं की कला मिळतात. चार मिनिटं लागली तर क्षेत्र ६० कलांचं, म्हणजे एक अंशाचं, पूर्णचंद्राच्या साधारण दुप्पट रुंद. यानंतर 'तेजोमेघ बराच मोठा दिसला' असं लिहायची वेळ येत नाही, 'क्षेत्राचा एक तृतीयांश' लिहिता येतं.

जे दिसलं ते, आणि जे दिसलं नाही तेही

वर्णनाची सवय प्रश्नांनी लागते. आकार गोल की लांबट? कड ठळक की विरत जाणारी? मध्याकडे उजळ होत जातं का? थेट पाहून दिसतं की तिरक्या नजरेनेच? (अंधुक वस्तू तिच्या किंचित बाजूला पाहिलं की जास्त स्पष्ट होतात, ही युक्ती सगळ्यांनाच उपयोगी पडते.) रंग जाणवला का? किती वेळ पाहिलं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण दहाव्या मिनिटाला दिसणारे तपशील पहिल्या मिनिटाला दिसत नाहीत, आणि घाईची नोंद घाईची म्हणून ओळखता आली पाहिजे.

एक नमुना :

'१३/१४ जानेवारी २०२४. २२:१० ते २२:३५ स्थानिक = १६:४० ते १७:०५ जागतिक, १३ जाने. चंद्र मावळलेला. मर्यादा ४.५, कृत्तिका ६. पारदर्शकता बरी, पश्चिमेला धुरकट. १०×५० द्विनेत्री, हातात. एम ४२ (मृगातला तेजोमेघ) : थेट नजरेला राखाडी डाग, तिरक्या नजरेने एका बाजूला पंखासारखा पसरतो. रंग नाही. मधला तारा एकच दिसतो, चार वेगळे दिसले नाहीत. पंखाची दक्षिण बाजू जास्त लांब? खात्री नाही.'

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. 'दिसले नाहीत' हे लिहिलंय, कारण न दिसणं हेही निरीक्षण आहे, फक्त आकाशाची अवस्था सोबत हवी. आणि 'खात्री नाही' हे लपवलेलं नाही. तो शब्द वहीत जितका मोकळेपणाने येईल तितकी बाकीची वाक्यं भरवशाची होतात.

आणखी एक पथ्य : बघण्याआधी वस्तूचं सविस्तर वर्णन किंवा छायाचित्र पाहू नका. जागा शोधण्यापुरता नकाशा पुरे. डोळा अपेक्षेप्रमाणे पाहतो. शियापारेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८७७मध्ये मंगळावर रेषा नोंदवल्या, पुढे पर्सिव्हल लॉवेलने कालव्यांचं अख्खं जाळं रेखाटलं. १९०९मध्ये अँटोनियादीने (सीइंगच्या श्रेणीवाल्यानेच) पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा सरळ रेषांच्या जागी तुटक, अनियमित डाग निघाले. लॉवेल काही आळशी निरीक्षक नव्हता. त्याने भरपूर नोंदी ठेवल्या, फक्त काय दिसणार ते त्याने आधीच ठरवलेलं होतं.

चित्र काढता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी

मलाही येत नाही. इथे चित्रकला नको, जागा बरोबर हव्यात. सहा-सात सेंटिमीटरचं वर्तुळ आधीच आखून ठेवा, ते नेत्रिकेचं क्षेत्र. आधी सर्वांत ठळक दोन-तीन तारे मांडा. वर्तुळाला घड्याळाची तबकडी माना : 'दोनच्या दिशेला, मध्यापासून अर्ध्यावर'. मग त्यांच्यात त्रिकोण कल्पून बारीक तारे भरा. तारा जितका ठळक तितका ठिपका मोठा. धूसर भाग सर्वांत शेवटी, पेन्सिल आडवी धरून हलके घासा आणि बोटाने पसरवा. कागदावर पांढरं आकाश आणि काळे तारे असं उलटं राहू द्या.

मग दिशा, जी हमखास राहून जाते. दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी यंत्रचालना असेल तर ती बंद करा. तारे ज्या कडेने बाहेर जातात ती पश्चिम. नळी हलकेच ध्रुवताऱ्याच्या बाजूला ढकला, नवे तारे ज्या कडेने आत येतील ती उत्तर. दोन्ही लिहा, एक लिहून भागत नाही. आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीत दृश्य पूर्ण फिरलेलं असतं, तर भिंगाच्या दुर्बिणीला डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावला की डावं-उजवं उलटतं. ही आरशातली उलटापालट एका दिशेवरून ओळखता येत नाही.

ग्रहांच्या बाबतीत हात चालवावा लागतो. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे ६ अंश. मुख्य खुणा दहा मिनिटांत मांडा, ती वेळ लिहा, पट्ट्यांच्या छटा नंतर सावकाश भरा.

डोळ्यांनी मोजमाप : रूपविकारी तारे

नोंदवहीचं खरं चीज इथे होतं. ताऱ्याचं तेज दोन ओळखीच्या ताऱ्यांच्या मध्ये कुठे बसतं एवढंच ठरवायचं असतं. सुरुवातीला ययाती समूहातला अल्गॉल घ्या. एरवी तो २.१ प्रतीचा असतो, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी सोबतचा अंधुक तारा त्याच्या आड येतो आणि तो ३.४ पर्यंत उतरतो. उतरणं आणि पुन्हा चढणं मिळून सुमारे दहा तास.

देवयानीतला गॅमा तारा २.१ प्रतीचा, ययातीतलाच एप्सिलॉन २.९ प्रतीचा. समजा, अल्गॉल गॅमापेक्षा नक्की अंधुक आहे आणि एप्सिलॉनपेक्षा थोडासाच उजळ. दोघांमधलं अंतर चार पायऱ्यांचं मानलं तर तो गॅमापासून तीन पायऱ्या खाली. फरक ०.८, त्याचे तीन चतुर्थांश ०.६, म्हणून प्रत २.७. वहीत नुसतं '२.७' लिहू नका. 'गॅमा ३, एप्सिलॉन १ → २.७' असं लिहा. तुलनेच्या ताऱ्याची प्रत पुढे सुधारली गेली तर तुमचा आकडा पुन्हा काढता येतो, नुसत्या २.७चं काहीच करता येत नाही.

सावधगिरी दोन-तीनच. तुलनेचे तारे साधारण त्याच उंचीवरचे घ्या, क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे मंद दिसतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बसू नका, तो हळूहळू जास्त तेजस्वी वाटू लागतो. झटकन बघा, नजर काढा, पुन्हा बघा. आणि आदल्या वेळचा आकडा पाहून मग मोजू नका. हे सर्वांत अवघड आहे, म्हणून मी प्रत्येक रात्रीसाठी नवं पान उघडतो. व्यावसायिक तुलना-नकाशांत ताऱ्यांच्या प्रती दशांशचिन्हाशिवाय छापतात, ५६ म्हणजे ५.६. तो टिंब चुकून तारा वाटू नये म्हणून!

मृगातल्या काक्षीवरही (बीटलज्यूस) लक्ष ठेवा. एरवी आकाशातल्या दहा-बारा ठळक ताऱ्यांत गणला जाणारा हा तारा २०१९च्या अखेरीस उतरू लागला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये सुमारे १.६ प्रतीचा, म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्याच्या बेलाट्रिक्सइतका झाला. हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. ज्यांच्या वहीत आधीच्या हिवाळ्यांची तुलना होती त्यांना ते स्वतःच्या आकड्यांत पाहता आलं. माझ्या वहीत त्या आधीच्या दोन हिवाळ्यांत काक्षीबद्दल एक शब्द नाही.

उल्का आणि सूर्य

उल्कावर्षावात, मग तो १२-१३ ऑगस्टच्या सुमाराचा पर्सिड असो की १३-१४ डिसेंबरचा जेमिनिड, प्रत्येकाने आपापली मोजणी स्वतंत्र ठेवायची. 'आम्ही पाच जणांनी मिळून ८० पाहिल्या' या आकड्याचा उपयोग होत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे गट करा, प्रत्येक गटात वर्षावातल्या किती आणि इतर किती, मर्यादेची प्रत, ढगांनी किती टक्के आकाश झाकलं होतं आणि डोळे आकाशावरून किती मिनिटं हटले ते लिहा. जाहीर होणारा ताशी शंभराचा आकडा उद्गमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती आकाशातली जागा) डोक्यावर आणि मर्यादा ६.५ धरून काढलेला असतो. तुम्हाला पंचवीस दिसल्या तर पंचवीसच लिहा.

सूर्यावरचे डाग नोंदवायचे तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर खात्रीचा सौर फिल्टर हवा, नाहीतर प्रतिमा कागदावर पाडून पाहा. यात तडजोड नाही, डोळा कायमचा जातो. श्वाबे नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने १८२६पासून सूर्य दिसेल त्या प्रत्येक दिवशी डाग मोजले. त्याला बुधाच्या आतला एक ग्रह शोधायचा होता. ग्रह नव्हताच, पण सतरा वर्षांच्या मोजणीतून १८४३मध्ये त्याने डागांचं सुमारे दहा वर्षांचं चक्र जाहीर केलं.

सकाळचं काम

दुसऱ्या दिवशीच नोंद संगणकावर स्प्रेडशीटमध्ये उतरवा. एका रात्रीसाठी एक ओळ नको, एका वस्तूच्या एका निरीक्षणासाठी एक ओळ हवी. तारीख २०२४-०१-१३ अशी साल-महिना-दिवस या क्रमाने टाका, म्हणजे क्रम आपोआप लागतो. रकाने : जागतिक वेळ, वस्तू, साधन, वर्धन, मर्यादा, सीइंग, वर्णन, वहीचं पान. शेवटचा रकाना सोडू नका. मूळ पान कच्चं, गिचमिड असलं तरी पुरावा तेच. सकाळी आठवलेली भर घालायची असेल तर 'नंतर आठवलं' असा शेरा मारून घाला, रात्रीच्या वाक्यात मिसळू नका.

ढगाळ रात्रीही एक ओळ लिहा : 'ढग, निरीक्षण नाही.' पुढे रिकामी जागा दिसली की आकाश झाकलेलं होतं की आपण झोपलो होतो, हे कळतं. लेस्ली पेल्टियर या अमेरिकी हौशी निरीक्षकाने उत्तर मुकुट समूहातल्या टी नावाच्या ताऱ्यावर पंचवीसेक वर्षं नजर ठेवली होती. हा तारा १८६६मध्ये अचानक उजळला होता. फेब्रुवारी १९४६मध्ये एका रात्री जाग आली, सर्दी होतेय असं वाटलं आणि पेल्टियर पुन्हा झोपले. तारा नेमका त्याच रात्री उजळला.

वर्षभराच्या नोंदी जमल्या की पाठवायचा विचार करा. १९११मध्ये स्थापन झालेली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना जगभरातल्या हौशी लोकांच्या नोंदी स्वीकारते. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी तिला ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या होत्या. पाठवायचं नसेल तरी वहीला मागून सूची करा, वस्तूचं नाव आणि पानं. मग पुढच्या वर्षी तीच वस्तू, तेच साधन, जुनं पान न उघडता पुन्हा पाहा आणि लिहा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या त्या दुसऱ्या दिवशी.